बंदराला जागा उरली नाही

ग्रिम्स्बीत, जाळी-दोरखंडाच्या दुकानावर
दोन खोल्या होत्या आमच्या कंपनीच्या.
कंपनी म्हणजे माझा भाऊ रोलंड, वय सतरा,
त्याचा दोस्त डिल्विन, जो आला तर आला,
आणि मी, अकरा वर्षांची. पगार :
आठवड्याला दोन चॉकलेटं, वर जागरणाची मुभा.
लेटरहेड आईने टाइप केलं,
कागद तिच्या ऑफिसातून ढापलेला.

रबरी कळांचं ते यंत्र, जेमतेम पाटीएवढं,
घरातल्या एकुलत्या टीव्हीला जोडलेलं.
बातम्यांची वेळ झाली की बाबा म्हणायचे, आवरा.
टेपवर घ्यायचं राहिलं असेल ते गेलंच,
चार-चार तासांचं काम,
पाटीवरून ओला हात फिरावा तसं.

बाबा तेव्हा घरीच असत.
आइसलंडने समुद्राला कुंपण घातलं त्याला सात वर्षं झाली होती.
बोट भंगारात गेली होती,
हात मात्र झोपेत अजून दोर ओढायचे.

खेळाचं नाव 'शेवटची बोट'.
वादळ, हिमनग, रिती होत जाणारी डिझेलची टाकी.
एका माशाला पाच गुण.
बोट म्हणजे मूठभर पांढरे ठिपके,
पण लाटेवर अशी नाक वर करायची
की बाबांनी पहिल्यांदा पाहताना
खुर्चीचे हात धरले.
"डावीकडे कलते," ते म्हणाले. "आमचीही कलायची."
ती खरं तर चूक होती हिशेबातली.
रोलंडने मग ती सुधारलीच नाही.

चार टेपरेकॉर्डर, त्यातले दोन उसने.
स्क्रूड्रायव्हरने हेड केसभर फिरवायचं,
ती किंकाळी स्वच्छ होईपर्यंत.
(आजही तसला कर्कश आवाज कुठे ऐकला
की मला भूक लागते,
कारण खाली त्याच वेळी बटाटे तळले जात असायचे.)
मासिकाच्या मागच्या पानावर काडेपेटीएवढी जाहिरात,
आणि पोस्टमन पोस्टल ऑर्डरी घेऊन यायला लागला.

मग पत्रं.
'साहेब, मला बंदर सापडत नाही.'
'साहेब, माझ्या धाकट्या भावालाही सापडत नाही.'
अ‍ॅबरडीनच्या एका मुलीने चाळीस कागद चिकटवून
सगळ्या समुद्राचा नकाशा केला होता,
आणि मधोमध एक प्रश्नचिन्ह, लाल.
उत्तरं मी लिहायची, माझ्या चांगल्या अक्षरात :
'उत्तरेकडे शोधत राहा.'

एका रात्री रोलंड म्हणाला, बंदर नाहीच.
मेमरी संपली. हिमनग बसले, डिझेल बसलं,
बोटीचा कल बसला,
बंदराला लागत होते दोनशे बाइट
आणि उरले होते अकरा.
"इतक्या लांब पोहोचतंय कोण," असं म्हणाला
आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी कुणाला सांगितलं नाही.
बाबांना कळलं असावं.
रात्री आवाज बंद करून खेळायचे एकटे,
टाकी शेवटच्या रेघेवर आली
की बोट बुडायच्या आत
स्वतःच्या हाताने टीव्ही बंद करायचे.

नाताळाआधी बर्मिंगहॅमच्या व्यापाऱ्याने तीन हजार मागवल्या.
कॅसेटांसाठी आईने तिची पुंजी मोडली.
जानेवारीत दोन हजार सहाशे चाळीस परत आल्या.
चेक आला नाही, मग व्यापाऱ्याचा फोनच लागेना.
डिल्विन स्विंडनला, विमा कंपनीत.
रोलंड गोठवलेल्या माशांच्या कारखान्यात,
खोक्यांचे आकडे भरायला.
तो कॉम्प्युटर आमच्यापेक्षा मोठा होता
आणि त्यावर काहीच हलत नव्हतं.

खोकी जिन्यात पडून राहिली.
एप्रिलमध्ये बाबांनी त्यातलं एक उचललं,
नगरपालिकेने दिलेल्या त्यांच्या भाजीच्या तुकड्यावर नेलं,
कॅसेटी फोडल्या, तपकिरी फिती ओढून काढल्या
आणि वाफ्यांवरून या खुंटाला त्या खुंटाला ताणल्या,
गाठ तीच, जाळ्याची.
समुद्रावरचा वारा त्यातून गुणगुणत जायचा.
कबुतरं दोन दिवस घाबरली,
तिसऱ्या दिवशी फितीवरच येऊन बसली.

कोबी तरी त्या वर्षी बरा आला.
ऑगस्टपासून आम्ही तोच खात होतो.